काळ्या चौकोनांतील वर्ग

पदवीच्या प्रमाणपत्रावर २०२० किंवा २०२१ हें साल दिसलें, कीं पाहणाराच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट स्मित उमटतें. 'कोरोना बॅच' हे दोन शब्द उच्चारले, म्हणजे एका संपूर्ण पिढीच्या विद्येचा निकाल लागला असें आपल्याकडे समजतात. नोकरीच्या मुलाखतींत, लग्नाच्या बोलणींत, आणि सांगावयास संकोच वाटतो तरी सांगतों, अध्यापकांच्या खोलींतहि हे शब्द विनोद म्हणून फिरतात. हीं मुलें दोन वर्षें मोबाईलांत तोंड खुपसून बसलीं, पुस्तकें उघडीं ठेवून परीक्षा दिल्या आणि गुणांच्या राशी घेऊन बाहेर पडलीं, असा हा आरोप आहे. उलट पक्षीं यंत्रविद्येचे अभिमानी म्हणतात, कीं शाळा बंद होती पण शिक्षण चालूच होतें. महामारीनें आपणांस एका उडींत नव्या युगांत नेऊन सोडलें. हे दोन पक्ष परस्परांचे वैरी दिसत असले, तरी दोघांचीहि दृष्टि मोबाईलवरच खिळलेली आहे. तो ज्याच्या हातीं होता त्या मुलाची विचारपूस कोणीच करीत नाहीं.

त्या दिवसांचा क्रम एकदां नीट आठवावा. २४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर टाळेबंदी जाहीर झाली. मुदत एकवीस दिवसांची होती. महाराष्ट्रांतील शाळा-महाविद्यालयें त्यापूर्वींच बंद झालीं होतीं. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तो शेवटीं रद्दच झाला. आरंभींचे दिवस मुलांनीं सुटी समजून काढले. दूरदर्शनवर रामायण पुन्हां लागलें होतें, आणि आजोबा व नातू एकाच वेळीं एकच कार्यक्रम पाहत बसल्याचें दृश्य पुष्कळ घरांत फार वर्षांनीं दिसलें. एकवीस दिवसांचे महिने झाले. पावसाळ्यांत नवें शैक्षणिक वर्ष आलें, तेव्हां वर्ग भरले ते हातांतल्या मोबाईलवर.

आतां हा मोबाईल कोणाच्या हातीं होता? राष्ट्रीय नमुना पाहणींत २०१७-१८ सालीं देशांतील शंभर घरांपैकीं सुमारें अकरा घरांत संगणक आणि चोवीस घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. खेड्यांत संगणकाचें प्रमाण शंभरांत साडेचारसुद्धां भरलें नाहीं. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला हें खरें, पण डेटा स्वस्त झाला म्हणून फोन माणशीं एक झाला नाहीं. निर्बंध सैल होतांच वडील कामावर जात, आणि त्यांच्याबरोबर घरांतला एकुलता एक वर्गहि खिशांत बसून निघून जाई. तो संध्याकाळीं परत आला, कीं आधीं धाकट्याचा गृहपाठ, मग थोरल्याचें व्याख्यान, आणि दिवसाचा दीड जीबी उरलाच तर बहिणीचा क्रम. कोंकणांत आणि सह्याद्रीच्या कुशींत मुलें रेंजसाठीं टेकडी चढून जात, आणि पाऊस आला कीं छत्रीखालीं मुलापेक्षां मोबाईलला अधिक जागा मिळे. आमच्या एका विद्यार्थिनीनें केशवसुतांवरील सर्व व्याख्यानें भाकऱ्या थापतांना कानांनींच ऐकलीं. पडदा पाहावयास हात मोकळे नव्हते. 'मोबाईलांत तोंड खुपसून' हा वाक्प्रचार तिला कसा लावावा?

परंतु आमचा मुख्य मुद्दा साधनांच्या टंचाईचा नाहीं. ज्यांच्या घरीं माणशीं एक संगणक होता, त्यांचेंहि शिक्षण पांगळें झालें, आणि त्याचें कारण त्या वर्गाच्या रूपांतच होतें. पडद्यावर काळे चौकोन, प्रत्येकांत एक नांव, आणि त्या नांवांसमोर बोलत असलेला एक अध्यापक. कॅमेरा बंद ठेवणें हा उद्धटपणा होय असें कित्येकांनीं मानलें. एका खोलीच्या घरांत पाठीमागें आई चूल सांभाळते आहे, आजी खाटेवर कण्हते आहे, हें साठ जणांस दाखवावयाचें नसणें यांत उद्धटपणा तो कसला? त्यांत झूमच्या फुकट वर्गाची मर्यादा चाळीस मिनिटांची. विवेचन रंगांत येतांच पडदा मिटे. कीर्तनकारास समोरच्या श्रोत्याची मान डोललेली दिसावी लागते. ती दिसली नाहीं तर त्याचा अभंग लांबतो किंवा आखूड होतो, पण लागत नाहीं. अध्यापनाची गोष्ट याहून वेगळी नव्हे.

येथवरचें पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस याहून मोठी वाटते ती हानि विद्यार्थ्याच्या बाजूची. वर्गांत बसलेला मुलगा अध्यापकाकडे जितका पाहतो, तितकाच शेजाऱ्याकडे पाहतो. खेड्यांतून आलेल्या, बोलावयास बुजणाऱ्या मुलास एखादी गोष्ट समजली नाहीं, आणि पुढच्या बाकावरचा हुशार मुलगाहि डोकें खाजवितो आहे असें त्याला दिसलें, कीं त्याच्या मनावरचें अर्धें ओझें उतरतें. दुसरा कोणी शंका विचारतो, आणि तीच आपलीहि होती हें कळतें. वर्गांतील पुष्कळशी विद्या अशी उसन्या शंकांवर मिळते. काळ्या चौकोनांत बसलेल्या साठांपैकीं प्रत्येकाची समजूत मात्र अशी, कीं उरलेल्या एकोणसाठांस सर्व कळलें आहे. अज्ञान वांटून घेण्याची सोय गेली आणि तें प्रत्येकाच्या वांट्यास पुरतें आलें. वर्ग पुन्हां भरल्यावर या मुलांत जो अबोलपणा आम्हांस आढळला, त्यास लोकांनीं आळस म्हटलें. तो आळस नव्हता, लाज होती.

मग व्याख्यान संपल्यावर हीं मुलें मोबाईलवर काय करीत? पुष्कळसें निरर्थक करीत, हें मान्य करावयास पाहिजे. २९ जून २०२० रोजीं सरकारनें ५९ चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, तींत टिकटॉक गेलें. गांवोगांवच्या हौशी नटांचा रंगमंच एका रात्रींत नाहींसा झाला आणि लौकरच रीलच्या रूपानें दुसरा उभा राहिला. या करमणुकींत आम्हांस कला फारच थोडी आढळली. तेंच गाणें, तोच हातवारा, हजार तोंडांनीं. पण रात्रीं बारा वाजतां मित्रांच्या गटांत चाललेल्या गप्पा हा निराळा प्रकार होता. तो कट्टा होता, आणि बाहेरचे कट्टे ओस पडले असतां मुलांनीं तो विझूं दिला नाहीं. एप्रिल-मे २०२१ मध्यें दुसरी लाट आली, तेव्हां याच गटांवर कोणत्या रुग्णालयांत खाट मोकळी आहे, प्राणवायूचें सिलिंडर कोठें मिळेल, रेमडेसिविर कोणाकडे आहे, याच्या याद्या फिरत होत्या. एकेक क्रमांक फिरवून खरा-खोटा ठरविण्याचें काम अठरा-वीस वर्षांचीं मुलें रात्रभर करीत होतीं. त्या कामाची नोंद कोणत्याहि गुणपत्रिकेंत झाली नाहीं.

गुणपत्रिकेचा विषय निघालाच आहे. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्यावांचून पदवी देतां येणार नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २८ ऑगस्ट २०२० रोजीं ठरविलें, आणि ऑक्टोबरांत आमच्याकडील विद्यापीठांनीं पर्यायी उत्तरांच्या परीक्षा घेतल्या. पुढील वर्षीं दहावीची परीक्षाच झाली नाहीं आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. हे गुण फुगलेले आहेत, त्यांची तरफदारी आम्ही करणार नाहीं. परंतु पुस्तक उघडतांच ज्याचें उत्तर सांपडतें असा प्रश्न काढला कोणी? तेच प्रश्न आपण वर्षानुवर्षें काढीत आलों, आणि गाईडें छापणारे त्यांवर श्रीमंत होत आले. निराळें कांहीं करणारे अगदींच नव्हते असें नाहीं. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून लागलेल्या 'टिलीमिली' मालिकेनें घर, अंगण आणि घरांतलीं माणसें यांनाच पाठ्यपुस्तक केलें. असे प्रयोग मोजकेच झाले.

त्या काळाविषयीं विद्यार्थ्यांनीं लिहिलेले निबंध आम्हीं पुष्कळ वाचले, आणि वाचून निराश झालों. बहुतेकांत नद्या स्वच्छ होतात, मोर रस्त्यावर येतात, कुटुंब जवळ येतें आणि निसर्ग मोकळा श्वास घेतो. हें सर्व मोठ्यांच्या भाषणांतून उचललेलें. त्यांचें खरें लेखन मोबाईलमधल्या गटांत झालें. तेथें एका मुलानें वडील गेल्याची बातमी आणि उद्यांचीं टिपणें पाठविण्याची विनंति एकाच ओळींत लिहिली होती. मध्यें पूर्णविरामहि नव्हता. टाळेबंदीवरील दुसरें कोणतेंहि मराठी लेखन आमच्या मनांत इतकें खोल रुतलें नाहीं. पुढें त्या मुलानें फोन बदलला, आणि जुन्या फोनांतलें सर्व पुसलें गेलें.