सङ्गह आणि समावेशन : युरोपातील रोमांच्या निमित्ताने

युरोपातील रोमा समाजाविषयी गेल्या दोन दशकांत जे धोरणविषयक लेखन झाले, त्यात ‘समावेशन’ आणि ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ हे शब्द इतक्या वेळा येतात की त्यांचा अर्थ तपासण्याची गरज कोणास वाटत नाही. आम्हांला ती वाटते. पालीत समावेशनाला जवळचा शब्द ‘सङ्गह’ हा आहे. माणसांना एकत्र धरून ठेवणारी चार सङ्गहवत्थू तथागतांनी सांगितली : दान, प्रियवचन, अत्थचरिया म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे आचरण, आणि समानत्तता. शेवटच्या शब्दाचे भाषांतर बरेचदा ‘समभाव’ असे गुळगुळीत केले जाते. दुसऱ्याला बरोबरीचा मानून त्याच्या सुखदुःखाचे वाटेकरी होणे, असा त्याचा खरा रोख आहे. पहिली तीन वत्थू वरच्या पायरीवर उभे राहूनही पाळता येतात. चौथे पाळता येत नाही.

‘रोमा समावेशनाचे दशक’ (२००५–२०१५) या कसोटीस लावून पाहावे. मध्य व पूर्व युरोपातील आठ सरकारांनी ते आरंभिले आणि शिक्षण, रोजगार, आरोग्य व निवास ही क्षेत्रे निश्चित केली. हेतूविषयी आमची शंका नाही. परंतु याच दशकात चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहराच्या खटल्याचा अंतिम निकाल स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने दिला. अठरा रोमा मुलांना मतिमंदांच्या खास शाळांत घातले गेले होते. न्यायालयापुढे मांडलेल्या आकडेवारीनुसार शहरातील सर्वसाधारण प्राथमिक शाळांत रोमा मुले २.२६ टक्के, तर खास शाळांत ५६ टक्के होती. १३ नोव्हेंबर २००७ रोजी हा भेदभाव असल्याचा निर्णय झाला. वाचकांनी लक्षात घ्यावे की या मुलांना शाळेबाहेर कोणी ठेवले नव्हते. शाळा होती, शिक्षक होते, बुद्धिमापनाची चाचणी होती, पालकांच्या संमतीच्या सह्यासुद्धा होत्या. नव्हता तो फक्त एक बाक, ज्यावर रोमा मूल आणि चेक मूल शेजारी बसले असते.

हंगेरीतील ग्योंग्योशपाता येथे रोमा मुलांना वेगळ्या वर्गात बसवले गेले. त्याबद्दलची रोख भरपाई तेथील सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये कायम केली. त्यापूर्वी, जानेवारीत, पंतप्रधान ओर्बान यांनी कामाविना पैसा मिळत असल्याची तक्रार केली होती. आरक्षणाविषयी आपण जे ऐकत आलो, त्याचा हा हंगेरियन अनुवादच म्हणावा! युरोपीय आयोगाने ऑक्टोबर २०२० मध्ये नवी चौकट जाहीर केली, तिच्या नावात समावेशनाच्या आधी ‘समता’ हा शब्द आला. जुन्या शब्दाचे अपुरेपण तेथेही जाणवले असावे.

आता संवादाकडे वळू. चौकात मेळा भरवावा, रोमांनी व्हायोलिन वाजवावे, इतरांनी टाळ्या द्याव्यात, यास संवाद म्हणण्याची रीत पडली आहे. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात निराळा नमुना आढळतो. सोळा वर्षांचा विद्वान ब्राह्मण तरुण वर्णश्रेष्ठत्वाचा दावा घेऊन येतो. भगवान त्याला प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. योन-कंबोज देशांत मालक आणि दास असे दोनच वर्ण असून तेही बदलतात, हे तू ऐकले आहेस ना, हाही त्यांतील एक. अखेर तरुण निरुत्तर होऊन खाली मान घालतो. श्रेष्ठत्वाच्या दाव्याची उलटतपासणी ज्यात होत नाही, तो संवाद आम्ही करमणूक समजतो.

आपल्याकडील उत्साही मंडळींनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. रोमानी भाषेतील मनुश, पानी, कान, याग हे शब्द पालीतील मनुस्स, पानीय, कण्ण, अग्गि यांच्या शेजारी ठेवले की नाते उघड होते. मात्र त्यावरून रोमांना राजपूत योद्ध्यांचे वंशज ठरवण्याची जी हौस दिसते, ती आम्हांस त्याज्य वाटते. ‘रोम’ हे नाव ‘डोम’ या जातिनामापासून आले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि डोम आजही उत्तर भारतातील अनेक राज्यांत अनुसूचित जातींत मोडतात. सन्मानासाठी क्षत्रिय पूर्वज शोधावा लागणे हा वर्णव्यवस्थेचाच विजय होय.

हंगेरीच्या बोर्शोद भागातील शायोकाझा गावी यानोश ओर्शोश व तिबोर देर्दाक यांनी वंशावळीचा आधार घेतला नाही. ओर्शोश स्वतः रोमा आहेत. बाबासाहेबांचे चरित्र वाचून ते महाराष्ट्रात आले, येथील बौद्धांची शिक्षणाची धडपड त्यांनी पाहिली आणि २००७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नावाने माध्यमिक शाळा काढली. शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावरून परत पाठवल्या जाणाऱ्या तरुणांना त्या परीक्षेस बसवणे हे तिचे मुख्य काम. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापणाऱ्या बाबासाहेबांचा मार्ग याहून वेगळा नव्हता. येथे रोमा हा कोणाच्या योजनेचा लाभार्थी राहिला नाही. तो शिक्षक झाला, आणि धम्म त्याने स्वतः निवडला. २०१२ पासून लागू झालेल्या कायद्याने हंगेरीतील अनेक लहान धर्मसंस्थांची मान्यता गेली, त्यांत हा ‘जय भीम’ समुदायही होता. तो कायदा धर्मस्वातंत्र्याचा भंग करतो, असा निकाल स्ट्रासबुर्गच्या न्यायालयाने इतर काही संस्थांच्या तक्रारीवर २०१४ मध्ये दिला. मान्यता काढून घेणाऱ्या त्याच सरकारने २०११ साली युरोपीय संघाच्या अध्यक्षपदावरून रोमा समावेशनाची पहिली संघव्यापी चौकट पुढे नेली होती.