वाटप झाले, जतनाचे काय?

संगणकविश्वात ‘विकेंद्रीकरण’ हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. मध्यवर्ती संगणक हटवला की माहिती लोकांची झाली आणि कायमची टिकली, असे गृहीत धरले जाते. यातले पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे. दुसरे तपासून पाहावे लागते. त्यासाठी मी बिटटोरेंट हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात देवाणघेवाण करण्याची नियमावली, निवडला आहे. ब्रॅम कोहेन यांनी तो २००१ साली आणला आणि २००३च्या निबंधात त्यामागचा विचार मांडला.

पार्श्वभूमी नॅपस्टरची आहे. १९९९ साली आलेल्या या सेवेत गाणी लोकांच्या संगणकांवर असत, पण कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची कंपनीच्या ताब्यात होती. खटला झाला आणि जुलै २००१मध्ये सेवा बंद पडली. सूची एका हाती असली की सगळेच एका हाती असते, हा त्यातला धडा. बिटटोरेंटमध्येही आधी कोणाकडे काय आहे हे सांगणारा मध्यवर्ती ‘ट्रॅकर’ होता. २००५पासून ती नोंदही सहभागी संगणकांत वाटली जाऊ लागली.

कोहेन यांची रचना विलक्षण नेटकी आहे. फाइलचे तुकडे केले जातात. ज्याला एक तुकडा मिळाला तो लगेच इतरांना देऊ लागतो. प्रत्येक तुकड्याची गणिती खूण आधीच नोंदलेली असल्याने अनोळखी माणसाचा तुकडाही पारखून घेता येतो. सर्वांत कमी जणांकडे असलेला तुकडा आधी मागायचा. फुकट्यांवर उपाय म्हणून, जो देतो त्यालाच द्यायचे. हा हिशेब दर १० सेकंदांनी होतो. मात्र दर ३० सेकंदांनी एकाला हिशेबाबाहेर संधी मिळते, कारण नवख्याकडे द्यायला काहीच नसते. या नियमावलीतले मला सर्वांत माणुसकीचे वाटणारे कलम हेच.

पण परतफेडीचा हा व्यवहार फाइल पूर्ण होईपर्यंतच टिकतो. घेण्यासारखे काही उरले नाही की देण्याचे कारणही उरत नाही. त्यापुढचे देणे निव्वळ सौजन्य. मागणी असलेली फाइल हजारो हातांत राहते. तुरळक मागणीची फाइल बाळगणारा शेवटचा संगणक बंद झाला की संपते. दुर्मिळ तुकड्याची काळजी घेणारा नियम दुर्मिळ ग्रंथाची काळजी घेत नाही.

२०१५ साली आलेल्या आयपीएफएसने पत्ता संगणकाच्या ठिकाणाऐवजी मजकुरावरूनच काढला. त्यामुळे हाती आलेला मजकूर अस्सल आहे याची खात्री मिळते. तो उद्या कुठे असेल याची नाही. तिथेही कोणीतरी तो ‘पिन’ करून, म्हणजे मुद्दाम राखून, ठेवावा लागतो. ते काम पैसे घेऊन करणाऱ्या सेवांकडे गेले की केंद्र मागच्या दाराने परत येते.

कोणी म्हणेल, कोहेन यांनी जतनाचा वायदा केलाच कुठे होता? आक्षेप रास्त आहे. वाटपाचा भार वाटून घेणे हे त्यांचे उद्दिष्ट होते आणि ते साधले. चूक वाटपालाच संग्रह समजणाऱ्यांची आहे. जुन्या अनियतकालिकांचे अंक स्कॅन करून ‘आता ते नेटवर आहेत’ म्हणत मूळ प्रती रद्दीत घालायला निघालेल्यांनी आधी एक प्रश्न विचारावा: ही फाइल कोणीच मागितली नाही, तर पुढची दहा वर्षे ती कोण सांभाळणार? ग्रंथालय न वाचलेले पुस्तकही सांभाळते, कारण तिथे ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते. ही नेमणूक कोणताही प्रोटोकॉल करत नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.