रॅनवेल यांचे अनुक्रमणचक्र : वालुकाटेकड्यांमधील पाणथळ

वनस्पतींचे अनुक्रमण म्हणजे स्थैर्याकडे जाणारा एकमार्गी प्रवास, असा समज परिस्थितिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांनी रूढ केला आहे. डी. एस. रॅनवेल यांनी वेल्समधील न्यूबरो वॉरन या किनारी क्षेत्रावर १९५९ व १९६० साली प्रसिद्ध केलेले तीन शोधनिबंध या समजाला छेद देतात.

वाऱ्याने वाळू उडत जाऊन भूजलाची पातळी गाठली गेली की ओली वाळू हलत नाही आणि टेकड्यांमध्ये सखल पाणथळ उरते. हिवाळ्यात तेथे पाणी साचते, उन्हाळ्यात ओसरते. शिंपल्यांच्या चुन्याने युक्त, परंतु पोषकद्रव्यांनी दरिद्री अशा या वाळूत ठेंगण्या वनस्पती व ऑर्किड रुजतात. कालांतराने जमिनीलगत पसरणारा विलो त्यांना झाकून टाकतो. सरकती टेकडी हे सारे गाडते व मागे नवे पाणथळ उघडते. रॅनवेल यांनी दुसऱ्या निबंधाच्या शीर्षकातच 'चक्र' हा शब्द योजला आहे. (शीर्षक तरी नीट वाचले गेले असते, तर बरे झाले असते.)

संवर्धनाच्या व्यवहाराने मात्र तिसरा निबंध अधिक मनावर घेतला. मिक्झोमॅटोसिसने ससे नाहीसे झाल्यावर झालेले वनस्पतींतील बदल त्यात नोंदले आहेत. त्यावरून चराईचे महत्त्व पटले, वाळूच्या हालचालीचे नाही. दक्षिण वेल्समधील केनफिग येथे लिपॅरिस लोसेलाय हे दुर्मिळ ऑर्किड घटत गेल्यावर, २०१२ पासून यंत्रांनी उघडी वाळू निर्माण करावी लागली. अर्थात, यंत्राने उकरलेला खळगा आणि सरकती टेकडी यांत फरक आहे. खळगा पुन्हा झाकला जातो, टेकडी पुढे जात राहते.