रिकामा कारखाना आणि भरलेले स्टेशन

आधुनिक कलेविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा यंत्रयुग, महानगर आणि त्यात हरवलेला एकटा माणूस हे शब्द ठरल्यासारखे येतात. हा माणूस कोणत्या वस्तीतून आला, तो शहरात का आला, हा प्रश्न प्रस्थापित समीक्षा सहसा विचारीत नाही. दोन अमेरिकन चित्रकारांच्या आधारे मी तो येथे विचारू इच्छितो.

चार्ल्स शीलर यांनी १९२७ मध्ये फोर्ड कंपनीच्या रिव्हर रूज कारखान्याची छायाचित्रे काढली. कंपनीच्या प्रसिद्धीसाठीच ते काम त्यांना मिळाले होते. त्या अनुभवातून १९३० मध्ये 'अमेरिकन लँडस्केप' हे चित्र आले. पाणी, रूळ, धुराडे, कोठारे. सारे स्वच्छ, रेखीव, शांत. हजारो माणसे राबत असलेल्या त्या जागेत रुळांपाशी एकच इवलीशी मानवाकृती दिसते. चित्र सुंदर आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु हे सौंदर्य घाम पुसून टाकल्यावर उरलेले आहे. कारखान्याकडे मालक ज्या नजरेने पाहतो, तीच नजर येथे 'शुद्ध आकार' म्हणून आपल्यापुढे येते.

आता जेकब लॉरेन्स पाहा. पहिल्या महायुद्धात उत्तरेतील कारखान्यांना मजूर हवे होते. दक्षिणेत कापसावरची कीड होती, जमीनदाराचे कधी न फिटणारे कर्ज होते आणि झुंडीने दिलेली फाशी होती. लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे निघाले. लॉरेन्स यांचे आईवडील त्यांतलेच. १९४१ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी हे स्थलांतर ६० लहान चित्रांत पूर्ण केले. पहिल्याच चित्रात स्टेशन माणसांनी भरले आहे. शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस अशा दारांकडे गर्दी लोटते आहे. शहर येथे एकाकीपणाचे प्रतीक नाही. ते सुटकेची वाट आहे.

पण लॉरेन्स शहराची आरतीही ओवाळीत नाहीत. उत्तरेतील खानावळीत गोरे आणि काळे यांच्यामध्ये दोर आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. यंत्र आले म्हणून विटाळ गेला नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आणखी एका चित्रात उत्तरेत आधीच स्थिरावलेले कृष्णवर्णीय नव्याने आलेल्या आपल्याच बांधवांना तुच्छ लेखतात. स्वसमाजाकडे एवढ्या निर्भयपणे पाहणे सोपे नाही. आपल्यातील शिकलेल्यांनी या चित्रापुढे थोडे थांबावे.

सर्वांत महत्त्वाचे मला फाशीचे चित्र वाटते. त्यात प्रेत नाही. एक फांदी, रिकामा फास आणि खाली गोठून बसलेली एक आकृती, एवढेच. अत्याचाराचे वर्णन करताना बळीचे शरीर पुन्हा एकदा चव्हाट्यावर आणायचे की मागे उरलेल्यांचे दुःख दाखवायचे, हा प्रश्न आपल्या कथा-कवितेपुढेही आहे. संयम म्हणजे माघार नव्हे, हे या चित्रातून कळते.

'हा प्रचार आहे, कला नव्हे' हा आक्षेप आपल्या ओळखीचा आहे. लॉरेन्स यांनी साठही फलक एकदम मांडून एकेक रंग सर्वांवर क्रमाने लावला. म्हणून साठ चित्रे एका श्वासात बोलतात. बांधिलकीने येथे शिस्त निर्माण केली आहे. शीलर आणि लॉरेन्स या दोघांचीही चित्रे न्यूयॉर्कच्या एकाच डाउनटाउन गॅलरीने मांडली होती. तेव्हा एकाला आधुनिक आणि दुसऱ्याला केवळ 'कृष्णवर्णीय चित्रकार' म्हणायचे कारण काय? ज्याने आधुनिक जीवन अंगावर झेलले त्याची साक्ष बाजूला ठेवून आधुनिकतेची व्याख्या होऊ शकत नाही. अमेरिकेतही नाही आणि आपल्याकडेही नाही.