नाण्यावरील नांव

फ्रेंच नाण्यांचा छंद असलेला गृहस्थ पॅरिसला गेला म्हणजे सेनकांठची टांकसाळ पाहतो, आणि ऑस्कर रोतीची, १८९७ पासून नाण्यांवर आलेली पेरणारी स्त्री संग्रहांत घालून परततो. मूर्ति देखणी आहे. पण भडगांवच्या काळ्या रानांत चाड्यावर मूठ धरणारी बाई ज्यानें पाहिली, त्यास वाऱ्यासमोर बीं फेंकणारी ही पेरणी अंमळ नाटकीच वाटावयाची.

माझ्या मतें फ्रेंचांचें खरें वाचनीय नाणें पॅरिसचें नव्हे, पाँडिचेरीचें. अर्काटच्या नबाबाकडून १७३६ सालीं फ्रेंच कंपनीस रुपये पाडण्याची परवानगी मिळाली. त्या रुपयावर लुईचा मुखवटा नाहीं, एक फ्रेंच अक्षर नाहीं. फारसींत दिल्लीच्या बादशहाचें नांव, आणि खूण म्हणून लहानशी चंद्रकोर, तीही शोधावी लागते. सराफाचा विश्वास बादशहाच्या नांवावर होता. लुईस येथें कोण ओळखीत होतें?

याला हंसावें, तर शेजारचा चांदवडी रुपया आड येतो. टांकसाळ होळकरांची, नांव शाहआलमचें! १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या शिवराईवर तर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' हीं अक्षरें नागरींत उमटलीं होतीं. यास मी पूर्वीं ऱ्हास म्हणत असें. आतां तसें म्हणवत नाहीं. कारण शिवराई पेशवाईंतही पडतच होती. एकाच राज्यांत तांब्यावर छत्रपति, रुप्यावर बादशहा! संग्राहक मात्र हीं दोन नाणीं धातूवार निरनिराळ्या खणांत ठेवतात, आणि पाँडिचेरीचा रुपया 'परदेशी' म्हणून तिसऱ्याच.