उंचावर गेलेली चांदी

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष चांदीच्या पेटीत आहेत. गोव्याच्या कारागिरांनी ती १६३७च्या सुमारास घडवली आणि तिच्यावर संताच्या आयुष्यातले प्रसंग उठावात कोरले. हे काम हातभर अंतरावरून वाचायचं. पण १६९८मध्ये तिसऱ्या कोझिमो मेदिचीने पाठवलेला, फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडवलेला संगमरवरी चौथरा उभा राहिला आणि पेटी त्याच्या माथ्यावर चढली. आता खालून चकाकी तेवढी दिसते. गोष्ट सांगतात ती फोजिनीची ब्राँझची शिल्पं. १५५२मध्ये चीनजवळच्या शांगचुआन बेटावर आलेलं मरणही त्यांत आहे. चौथऱ्याने भक्ताची मान वर केली, पण गोव्याच्या हातांनी सांगितलेली गोष्ट त्याच्यापासून लांब नेली. तिथे गेलात तर आधी पेटीकडे बघा, सावकाश.