शेवटचं कडवं कुठे गेलं?

आमच्या घरी साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. 1991 च्या शताब्दी जयंतीत, अंबरनाथला शिवमंदिराकडच्या आमच्या वस्तीत, बापानं टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेली. गाणारी पार्टी साधीच. पेटी, ढोलकी, दोन कोरसवाले. गाणी वामनदादा कर्डकांची. मधेच पोर रडतं, कुणी 11 रुपयांचं बक्षीस पुकारतं, लाइट जाते आणि गाणारा उघड्या गळ्यानं तसाच पुढं गातो. पांढरपेशा कानाला हा गोंगाट. मला ती बाजारातल्या सफाईदार कॅसेटींपेक्षा मोठी वाटते. का ते सांगतो.

गाणारा शेवटच्या कडव्याला येतो तेव्हा लय धरून ठेवतो. त्या कडव्यात ‘वामन’ हे नाव असतं. नाव आलं की लोक ओरडतात, मग तेच कडवं तीनदा. संतांचीही हीच रीत होती, नाव अभंगातच ठेवायचं. कागद हरवतो, नाव तोंडातून तोंडात जातं. दादा 1922 साली सिन्नरजवळच्या देशवंडीत जन्मले, अक्षरं शिकले ते मुंबईत, मोठेपणी. 1943 पासून 2004 साली जाईपर्यंत लिहिलं, गावोगाव फिरून गायलं. आमच्या शिवमंदिरात शके 982 चा, म्हणजे सन 1060 चा शिलालेख आहे. त्यात राजाचं नाव आहे. दादांचं नाव फक्त त्या कडव्यात.

आता 14 एप्रिलला डीजेवर तीच गाणी लागतात. मुखडा, एक कडवं, मग नुसता दणका. शेवटचं कडवं छाटलेलं. नाचणाऱ्या पोरांना विचारलं, गाणं कुणाचं? गायकाचं नाव सांगतात. कवीचं कुणालाच ठाऊक नाही. मी डीजेचा दुष्मन नाही, गिरणीत बारा तास उभं राहून आल्यावर मीही नाचतो. पण कात्री नेमकी तिथंच का लागते?

प्रल्हाद शिंदेंची कात्री वेगळी. महाशिवरात्रीच्या जत्रेत मंदिराबाहेर त्यांचा आवाज कर्ण्यावर असतो, विठ्ठलाची गाणी. हाच माणूस भीमाच्या कव्वाल्या गायचा, हे जत्रेतल्या किती जणांना माहीत? पुढं ते भक्तिगीतांकडे वळले, विकले गेले, असं आपलेच काही जण म्हणतात. मला पटत नाही. घर चालवायला माणूस गातो, त्यात पाप काय? पण कव्वालीच्या सामन्यातला जवाब समोरच्याच्या सवालावर, तिथल्या तिथं उभा राहतो. तो जुन्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत मावणारच नाही. बाजारानं गोडवा भरून घेतला, वार बाहेर ठेवला. दोष गळ्याचा नाही.

विलास घोगरेंचं उदाहरण घ्या. आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (1985) मध्ये ते गातात. 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि विलासनं जीव दिला. ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) त्यांच्यापासूनच सुरू होतो. कॅमेरा वस्तीत आला होता म्हणून तो गळा आणि तो चेहरा आज दिसतो. स्टुडिओच्या भरवशावर राहिलो असतो तर?

आमच्या कॅसेटचंही खरं सांगतो. पहिली बाजू तीस मिनिटांनी संपते आणि ऐन शेवटच्या कडव्यात खट् करून थांबते. ‘वाम’ एवढंच ऐकू येतं. बापानं उलटून लावेपर्यंत गाणं संपलेलं. मग त्यानं कव्हरवर बॉलपेननं लिहून ठेवलं: वामनदादांचे.

यंदा डीजेवाल्याला म्हटलं, शेवटचं कडवं लाव. तो म्हणाला, भाऊ, फाइल एवढीच आहे.

कॅसेटच्या फितीला बुरशी लागलीय. कुणाकडं चालू टेप असेल तर सांगा. रविवारी मला सुट्टी असते, मी घेऊन येतो.